विश्लेषण : सागरी महामार्ग होईल, पण कोकणच्या किनाऱ्यावरून पायी चालायचं कसं?

सुट्ट्या लागल्या की एक व्हिडीओ हमखास तुमच्या मोबाइलवर येतो. कोकणातला एखादा किनारा, वाळूत चाकं रुतलेली महागडी एसयूव्ही, भोवती बघे, ट्रॅक्टरला बांधलेला दोर आणि मागून निवांत चढत येणारं पाणी. खाली कमेंटमध्ये गाडीवाल्याची अक्कल काढली जाते, दोन दिवसांत नवा व्हिडीओ येतो आणि जुना विसरला जातो.

अक्कल काढायला हरकत नाही. वाळूत गाडी घालणं चूकच आहे. पण पाणी किती वाजता चढणार, हे त्याला त्या किनाऱ्यावर कुठे लिहिलेलं दिसलं असतं का, हा प्रश्न त्या कमेंटमध्ये कुणी विचारत नाही. गाडीवाल्याचं फार तर इंजिन जातं. पायी फिरणारा चुकीच्या वेळी चुकीच्या खडकावर असेल तर जीव जातो, आणि अशा बातम्या दर हंगामात येतात.

रेवस ते रेड्डी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची चर्चा जोरात आहे. मुंबईहून किती तास वाचतील, जमिनींचे भाव किती चढतील, हे सगळं बोललं जातं. किनाऱ्यावरून चालणाऱ्या माणसाचं नाव मात्र या चर्चेत निघत नाही. हा महामार्ग आखला जात असतानाच त्याच्या जोडीला किनाऱ्याची पायवाटही आखली पाहिजे, असं माझं मत आहे. एकदा रस्ता, पूल आणि कुंपणं झाली की ती आखता येणार नाही. आणि पायवाटेआधी एक काम उद्याच करता येण्यासारखं आहे, ते म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा फळा.

एका दिवसात कुठून कुठे चालता येतं?

उदाहरणासाठी एकच टप्पा घेऊ. मार्चमधल्या सुट्टीत मी तो चालले. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर आहे, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेला. सकाळी देवळामागची प्रदक्षिणा करायची, मग बागमांडल्याच्या जेटीवर यायचं, फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेसवीला उतरायचं, तिथून बाणकोटचा किल्ला पाहून संध्याकाळपर्यंत वेळासच्या किनाऱ्यावर. खाडीचं अंतर सोडलं तर साधारण बारा ते पंधरा किलोमीटरची चाल. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटेल. चढही फारसा नाही. अवघड आहे ते वेगळंच.

यातला सर्वात देखणा भाग पहिलाच आहे. काळभैरवाच्या देवळाकडून वाट टेकडीवर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. घळीत शिरल्यावर आधी फक्त लाटांचा आवाज येतो, समुद्र दिसतो तो शेवटच्या पायऱ्यांवर. खाली बेसॉल्टचा सपाट ओटा आहे. लाटांनी कड्याचा पाया कापत कापत मागे सरकवला आणि हा ओटा उरला. कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. खारं पाणी खडकाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण कण सुटत जातो. तिथे शेंदूर लावलेले दगड आहेत, तीर्थांची नावं आहेत, खडकातल्या डबक्यांत अडकलेले खेकडे आहेत. भाविकांसाठी ही प्रदक्षिणा आहे, आमच्यासारख्यांसाठी ट्रेक. खडकाला दोन्ही सारखेच.

पण इंजिनीअरच्या नजरेने या जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये अरुंद ओटा. बाहेर पडायला दोनच तोंडं. पाणी चढू लागलं की ते आधी ओट्यातल्या सखल घळ्यांमध्ये शिरतं. म्हणजे तुम्ही उभे आहात तो खडक कोरडाच असतो, पण पुढची आणि मागची वाट तुटलेली असते. लोक अडकतात ते असे, आणि मग घाईने उडी मारून पलीकडे जाण्याच्या नादात शेवाळावरून पाय सुटतो. डोंगरात वाट चुकली तर थांबून विचार करायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही.

भरतीचं गणित नेमकं काय आहे?

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी सकाळी आठला ओहोटी होती म्हणून या शनिवारीही असेल असं समजून निघालात, तर तुम्ही जवळपास पूर्ण भरतीत पोहोचाल. सात दिवसांत ही वेळ पावणेसहा-सहा तासांनी सरकलेली असते. शहरातून येणारा पर्यटक आठवड्याच्या हिशेबाने जगतो. त्याच्यासाठी यापेक्षा वाईट घड्याळ असू शकत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसांचं घड्याळ तिथीचं आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते, हे सूत्र कोकणात घरोघरी माहीत आहे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनच्या सुमारास. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. कॅलेंडरवरच्या एका आकड्यावरून, मोबाइलला रेंज नसताना, तोंडी करता येणारं हे गणित आहे. अभ्यासक्रमात आम्ही चार वर्षं फूरियर मालिका घोटल्या, पण हे कुणी शिकवलं नाही.

सूत्रात एक गंमत आहे. तिथीमागे खरा सरकाव पाऊण तासाचा नाही, जवळपास ४८ मिनिटांचा आहे. पाऊणने गुणल्यावर तिथीमागे तीन मिनिटं गळतात आणि पक्षाच्या शेवटी फरक पाऊण तासापर्यंत जातो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीत ती मुंबईच्या आधी येते. होडी कधी ढकलायची हे ठरवायला सूत्र पुरेसं आहे. खडकाच्या ओट्यावर उतरायचं असेल तर त्यात तासाभराची चूक परवडणारी नाही, तिथे छापील तक्ताच हवा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भरतीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. माहिती आहे, फुकटही आहे. ती किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नाही, एवढीच अडचण.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं, कारण बहुतेक लोक तिथे फसतात. ओहोटीनंतर पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. खलाशांचा बाराव्या हिश्शांचा नियम असा : एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी ओहोटी आणि भरतीच्या पातळीत तीन मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर वाढेल, म्हणजे तुमच्या लक्षातही येणार नाही. फोटो काढाल, डबा उघडाल. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी ७५ सेंटिमीटर. दोन तासांत दीड मीटर, माणसाच्या छातीएवढं. “आत्ता तर पाणी लांब होतं,” हे वाक्य खरंच असतं, खोटं कुणी बोलत नाही.

त्यात उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती जास्त उंच आणि ओहोटीही जास्त खोल. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे दिले जातात ते याच दिवसांचे. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. चालणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते असं की भांगाच्या दिवशी ओहोटीलाही पाणी फार मागे हटत नाही. उधाणात भरपूर हटतं, पण परत येतं तेव्हा तेवढ्याच जोरात येतं.

आणि लाटा वेगळ्या. भरतीचा तक्ता पाण्याची पातळी सांगतो, लाटेची उंची सांगत नाही. दूरवरच्या वादळात तयार झालेल्या लाटा कित्येक दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात, आकाश निरभ्र असतानाही. शिवाय त्या गटाने येतात. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की मध्येच सगळं शांत होतं आणि मग चार-पाच मोठ्या लाटा लागोपाठ येतात. त्यामुळे “पाच मिनिटं बघितलं, शांत आहे” या निरीक्षणाला काही अर्थ नसतो. ओला दिसणारा खडक हीच खरी खूण. लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे.

पाट्या असतातच की?

असतात. ‘भरतीच्या वेळी जाऊ नये’, ‘समुद्र धोकादायक आहे’, ‘खोल पाण्यात उतरू नये’. कोकणात फिरताना मी अशा पाट्यांचे फोटो काढत आले आहे, आणि आज भरती किती वाजता आहे हे सांगणारी एकही पाटी त्यांत नाही. ‘भरतीच्या वेळी’ म्हणजे कधी, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं पाटी लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. लिहिणारा किनाऱ्यावरचा आहे, त्याला ते श्वासासारखं ठाऊक आहे. वाचणारा पिंपरी-चिंचवडहून रात्रभर गाडी चालवून आलेला आहे.

रेल्वे स्थानकावर ‘गाडी येत असताना रूळ ओलांडू नका’ एवढंच लिहून वेळापत्रक लावलंच नाही, तर आपण हसू. इथे तेच चाललं आहे. दुर्घटना झाली की पाटी आणखी मोठी होते, अक्षरं आणखी लाल होतात, कधी दोर बांधला जातो, कधी वाट काही दिवस बंद होते. वेळ मात्र लिहिली जात नाही. बंदी घालणं सोपं, कारण तिथे जबाबदारी वाचणाऱ्यावर जाते. वेळ लिहायची म्हटलं की रोज कुणीतरी ती बदलली पाहिजे.

आणि ते काम करू शकणारी माणसं तिथेच आहेत. फेरीबोटीवरच्या लोकांना रोजचं पाणी कळल्याशिवाय बोट जेटीला लावताच येत नाही. देवळाच्या आवारात बसणाऱ्या फुलवाल्यांना, कोकम सरबताच्या टपरीवाल्यांना विचारा, ते समुद्राकडे न बघता सांगतील. ग्रामपंचायतीने एक फळा टांगला आणि त्यावर रोज सकाळी भरतीच्या दोन वेळा, ओहोटीच्या दोन वेळा आणि ‘अमुक वाजेपर्यंत परत या’ एवढं लिहिलं, तर हे काम झालं. ज्यांना ॲप हवं त्यांनी ॲप करावं, पण कड्याखाली नेटवर्क नसतं.

खाडी ओलांडल्यावर काय?

बागमांडल्यापर्यंतची चाल डांबरी रस्त्याने. इथे दुसरी अडचण दिसते. रस्त्याला पायी चालणाऱ्यासाठी कड नाही. एका बाजूला गटार नाहीतर उतार, दुसऱ्या बाजूने फेरीबोट गाठायला निघालेल्या गाड्या. शनिवारी-रविवारी तर हॉर्नच्या आवाजातच चालावं लागतं. खरं म्हणजे कोकणातलं जुनं दळणवळण पायीच होतं. वाडीतून वाडीत जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, दोन गडग्यांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी, खाडीला तर. ही सगळी जाळी आजही जागोजागी शाबूत आहे, पण तुटक तुटक. कुठे बंगल्याचं कुंपण आलं, कुठे गेट लागलं, कुठे वापर नाही म्हणून करवंदीने वाट गिळली.

फेरीबोटीत गाड्यांच्या मधल्या फटीत उभं राहून दहा-पंधरा मिनिटांत वेसवी. मग खाडीच्या कडेने बाणकोट. वरच्या किल्ल्यावरून सावित्रीचं मुख, पलीकडची हरिहरेश्वरची टेकडी आणि सकाळी उतरलो ती कड्याची कड, सगळं एका नजरेत येतं. मराठ्यांचा हा हिम्मतगड १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. व्हिक्टोरिया राणीशी या नावाचा संबंध जोडणारे बरेच भेटतात, पण राणीचा जन्मच १८१९ चा. या भागात इंग्रजांच्या हाती आलेल्या अगदी पहिल्या मुलखांपैकी हा एक. मुख ताब्यात असेल तर नदीवरचा सगळा व्यापार ताब्यात, हे त्यांना बरोबर कळलं होतं. महाबळेश्वरला उगम पावणारी नदी इथे इतकी रुंद आणि संथ होते की वरून तिला नदी म्हणावंसं वाटत नाही.

पुढचं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता ते जास्त ओळखलं जातं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी इथून चोरीला जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळी-संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा काळ.

वेळासने दाखवून दिलेली गोष्ट पर्यटन खात्याने नीट पाहायला हवी. तिथे हजार खोल्यांचं हॉटेल उभं राहिलं नाही. लोक गावकऱ्यांच्या घरात राहतात, पडवीत गादीवर झोपतात, आमटी-भात, उकडीचे मोदक खातात आणि पैसे त्या घरात जातात. पायी येणाऱ्याला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. त्याला दर चार-पाच तासांवर पाणी, सावली, जेवण आणि झोपायला जागा हवी. आणि हो, स्वच्छतागृह. बागमांडल्यापासून वेळासपर्यंत बाईमाणसाने दिवसभर चालायचं म्हटलं की भरतीच्या आधी हा प्रश्न येतो, आणि त्यावर विश्लेषण कुणी लिहीत नाही.

किनारा नक्की कोणाचा?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, वाटा आणि भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे, खासगी मालकी सिद्ध झाली असेल तो अपवाद. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा स्वतंत्र वर्गात, ‘सीआरझेड १ ब’मध्ये ठेवला आहे. आणि हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या १९९६ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समुद्रकिनारे, वाहतं पाणी, जंगलं ही लोकांची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे, मालक नाही.

म्हणजे वाळूवर चालायचा तुमचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. प्रश्न वाळूपर्यंत पोहोचण्याचा आहे. समुद्र सगळ्यांचा, पण समुद्राकडे उतरणारी पाखाडी कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते. जोवर जमीन गावातल्याच माणसाची होती तोवर कुणी कुणाला अडवलं नाही. आता जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या, चार फुटी गडग्याच्या जागी आठ फुटी भिंत आली. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकरी त्याचा वापर करतातही. पण सुट्टीला आलेला माणूस तहसील कचेरीत जाणार नाही, आणि जमीन विकलेल्या वाडीत भांडायला माणसंच उरलेली नाहीत.

म्हणून हे काम आत्ताच करायला हवं. महामार्गासाठी मोजणी होईल, गावनकाशे बाहेर निघतील, संपादनाचे पंचनामे होतील. त्याच नकाशांवर जुन्या पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. रस्ता आखताना त्या कुठे तुटतात ते टिपायचं आणि तिथे भुयारी वाट किंवा पायऱ्या द्यायच्या. खाडीवर जो पूल होईल त्यावर कठड्याच्या आत दीड-दोन मीटरची पायवाट ठेवायची. अटल सेतूवर पायी जाता येत नाही, दुचाकीही नेता येत नाही. समुद्रावरच्या द्रुतगती सेतूला तो नियम शोभेल. पण दोन्ही काठांवरच्या गावांत रोजचा बाजार, शाळा आणि सोयरिकी असलेल्या खाडीवरच्या पुलाला तो लावला, तर फेरीबोट बंद होण्याच्या दिवशी पायी माणसाची वाटही बंद होईल.

इतरांनी हे केलं आहे का?

वेल्सने केलं. संपूर्ण देशाच्या किनाऱ्याला लागून सुमारे १,४०० किलोमीटरची सलग पायवाट मे २०१२ मध्ये खुली झाली. इंग्लंडने २००९ मध्ये कायदाच केला आणि किनाऱ्याभोवतीची वाट टप्प्याटप्प्याने जोडत नेली. त्यांच्या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. समुद्राने कडा खाल्ला आणि वाट पाण्यात गेली, तर वाट आपोआप आतल्या बाजूला सरकते, नव्याने संपादनाचा घोळ घालावा लागत नाही. धूप होणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे नेमकं लागू आहे. बाकी त्यांची नक्कल करण्याचं कारण नाही. त्यांच्याकडे मे महिन्यात जॅकेट घालून चालतात, आपल्याकडे अकरा वाजता जांभ्याचा सडा तव्यासारखा तापतो.

किनाऱ्याची लांबी हा तसा फसवा आकडा. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हे शाळेत पाठ केलेलं. देशाचा ७,५१६ किलोमीटरचा जुना आकडा मध्यंतरी ११ हजारांच्या पुढे गेला. समुद्र वाढला म्हणून नव्हे, तर जास्त बारकाईने मोजल्यामुळे. मोजपट्टी जितकी लहान तितकी प्रत्येक खाचखळगी हिशेबात येते. माणसाचं पाऊल ही सर्वात लहान मोजपट्ट्यांपैकी एक. गाडीतून हरिहरेश्वर ते वेळास हे एका फेरीबोटीचं अंतर आहे. पायी तो दिवसभराचा प्रदेश होतो.

वाट केली की गर्दी आणि कचरा येणार नाही का?

हा आक्षेप गावातले लोक घेतात आणि तो खोटा नाही. हरिहर किंवा कलावंतीणच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी काय होतं ते आपण पाहतो. रील व्हायरल झालं की ज्या वाटेवर दहा माणसं मावतात तिथे पाचशे चढतात. किनाऱ्यावर तसं झालं तर कासवांची घरटी तुडवली जातील, रात्रीच्या दिव्यांनी पिल्लं उलट्या दिशेला जातील, सड्यावरच्या कातळशिल्पांवर लोक नावं कोरतील. त्यामुळे सगळ्या किनाऱ्यावर सरसकट वाट काढा, असं मी म्हणणार नाही. काही जागा वगळाव्याच लागतील. विणीच्या काळात संध्याकाळनंतर वाळू बंदच हवी. ओट्यासारख्या अरुंद जागेत एका वेळी किती माणसं उतरवायची, हे गावाने ठरवावं आणि त्याचं शुल्कही गावानेच घ्यावं.

पण वाट न आखल्याने गर्दी थांबलेली नाही, हेही खरं. ती गाड्यांतून थेट वाळूवर उतरते. आखलेली वाट निदान माणसाला कुठून जायचं आणि कुठून नाही ते सांगते. पायी चालणारा दिवसात पंधरा किलोमीटर जातो आणि चार ठिकाणी थांबतो. गाडीवाला तेवढ्याच वेळात तीन किनारे उरकतो आणि पाण्याची बाटली मागे टाकून जातो.

जायचं असेल तर कधी?

नोव्हेंबर ते मार्च. त्यातही चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस बघा. त्या दिवशी ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास लागते. ओट्यावर ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि ओहोटी लागली की फार रेंगाळायचं नाही. उन्हं चढायच्या आत बागमांडलं गाठायचं, भर दुपारी कुणाच्या तरी पडवीत जेवून पडायचं आणि चारनंतर बाणकोटहून निघायचं. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट. चपला घालून शेवाळलेल्या खडकावर जाऊ नका. पावसाळ्यात हा विचारच नको. जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद असते. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जाणारा माणूस ज्या दिवसांत होडी वर ओढून ठेवतो, त्या दिवसांत आपण खाली उतरायचं नाही.

त्या दिवसाची नेमकी वेळ मात्र आदल्या रात्री तक्त्यात बघून कागदावर लिहून घ्या. फळा लागेपर्यंत तरी तसंच करावं लागेल.